तोडणकरांची जावा

दुसरी रिंग मोडली तेव्हा चंद्रप्रकाश तोडणकरने हातातला पिस्टन गोणपाटावर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो त्यांच्यावर बसून राहिला. हातांना गप्प करायचा त्याच्याकडे एवढाच उपाय उरला होता.

पिस्टनची रिंग म्हणजे बिडाची पातळ कडी. दोन्ही अंगठ्यांनी तिची तोंडं जराशी फाकवायची, पिस्टनवरून अलगद खाली आणायची आणि खाचेत बसवायची. केसभर जास्त फाकली की कट्ट करून तुटते. चंद्रप्रकाशने पस्तीस वर्षं बसच्या डेपोत फिटर म्हणून काढली होती. बसच्या इंजिनाच्या मोठाल्या रिंगा त्याने क्रिकेटच्या गप्पा मारता मारता चढवल्या होत्या. ही तर वाटीएवढी. पण तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा अंगठा आपोआप हलायला लागला, मग मनगट, मग डावा हात. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि दुचाकीला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली.

बोरिवलीच्या गोराईतलं त्यांचं रो हाऊस म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली आणि मधे उभा जिना. घरापुढची मोकळी जागा त्याने पत्रा टाकून, शटर लावून बंद करून घेतली होती. तिला घरात गॅरेज म्हणत. तिथे वॉशिंग मशीन होतं, कांद्याबटाट्याची टोपली होती आणि ताडपत्रीखाली एकोणसत्तर सालची जावा मोटरसायकल होती. लग्नाच्या आधी कुर्ल्याच्या एका माणसाकडून त्याने ती जुनीच घेतली, चौदा वर्षं चालवली आणि इंजिन जाम झालं तेव्हा उभी करून ठेवली. पुढे मुलीचं, रेवतीचं शिक्षण आलं, घराचा वरचा मजला आला, तिचं लग्न आलं. रिटायर झालो की हिला चालू करतो, असं तो म्हणत राहिला. रिटायर झाला, इंजिन उतरवून उघडलं, आणि दीड महिन्यात अंगठा हलायला लागला. तेव्हापासून ते इंजिन तसंच पोट फाडून पडलं होतं.

सुगंधा दारात येऊन उभी राहिली. कोलंबी सोलता सोलता उठली होती, बोटं ओली होती.

“मोडली?”

त्याने हनुवटीने गोणपाटावरचे तुकडे दाखवले.

“मी करून बघू?”

“तुका काय कळता त्यातला?” चिडला की त्याच्या तोंडी मालवणी येई.

“कळत नाही काही,” सुगंधा म्हणाली. “पण माझे हात हलत नाहीत.”

त्याला लागावं म्हणून ती बोलली नव्हती. तिचं बोलणंच तसं, सरळ. तरी दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी डेपोतला त्याचा जुना मित्र राजेश कुर्ल्याच्या बाजारातून रिंगांचा आणखी एक सेट घेऊन आला. “चंदू, हा शेवटचा हां,” तो म्हणाला. “या मापाच्या रिंगा आता त्याच्याकडे नाहीत. ह्या मोडल्यास तर वाट लागली.” तो गेल्यावर चंद्रप्रकाश कागदी पुडी मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. मग त्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “गो, जरा हय ये.”

हल्ली त्याचा आवाजही बारीक झाला होता. दोनदा हाक मारावी लागली.

सुगंधा पाट घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली. त्याने तिला आधी मोडक्या रिंगेचा तुकडा हातात दिला, धातूचा ताण कळावा म्हणून. मग नवी रिंग.

“बांगडीसारखंच की,” ती म्हणाली.

“बांगडी दाबून चढवतात. ही फाकवायची. आणि खाचेत एक बारीक खिळा आहे बघ, रिंगेची दोन्ही तोंडं त्या खिळ्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. नाहीतर सिलिंडरमध्ये जाऊन अडकेल.”

तिने श्वास रोखला. रिंग पिस्टनच्या डोक्यावरून खाली सरकली, पहिली खाच ओलांडून दुसऱ्या खाचेत उतरली. तिने बोटाने फिरवून तोंडं खिळ्यापाशी आणली. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. चंद्रप्रकाश तिच्या अंगठ्यांकडे बघत होता. स्वयंपाकाने, भांड्यांनी खरबरीत झालेले, नखं कापलेली. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण आपल्याच घरात कुणीतरी आपली खुर्ची घेतली असं काहीतरी त्याला वाटलं.

“दुसरी दे,” सुगंधा म्हणाली.

असं ते सुरू झालं. रोज सकाळी स्वयंपाक आटोपला की ती खाली यायची. तो प्लॅस्टिकच्या स्टुलावर, ती पाटावर. तो सांगायचा, ती करायची. सुरुवातीला त्याची फार चिडचिड व्हायची. दहा-अकराचा पाना मागितला की ती बारा-तेराचा उचलायची. नट उलटा फिरवायची. डेपोतल्या हेल्परवर ओरडायचा तसा तो ओरडायला जायचा आणि आवाजच निघायचा नाही, घशात नुसती खरखर व्हायची. ती मान वर करून विचारायची, “काय म्हणालात?” मग तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणावं लागायचं. रागाने बोललेलं वाक्य शांतपणे पुन्हा म्हणणं किती जड असतं ते त्याला त्या दिवसांत कळलं.

फेब्रुवारी संपेपर्यंत सुगंधाला पाने न बघता ओळखू यायला लागले. क्लचच्या प्लेटा तिने बसवल्या, कार्ब्युरेटर उघडून रॉकेलमध्ये धुतला, त्याचं टाचणीच्या टोकाएवढं भोक तारेने मोकळं केलं. मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं महिलांचं भजन असायचं, ते गेले कित्येक महिने बुडतच होतं. आधी त्याच्या गोळ्यांच्या वेळांसाठी बुडायचं, आता जावासाठी. तक्रार तिने केली नाही. चाकांच्या तारा कशा ताणायच्या हे शिकताना तर ती दुपारचं जेवण विसरली.

गाडी कशासाठी चालू करायची हे ठरलेलं होतं. चालू झाली की राजेशला देऊन टाकायची. राजेशला जुन्या गाड्यांचा नाद होता, मुलुंडला त्याच्याकडे आणखी दोन उभ्या होत्या. चंद्रप्रकाशने तसं सुगंधाला सांगितलं होतं, पुण्याहून फोन करणाऱ्या रेवतीला सांगितलं होतं, डॉक्टरांनाही सांगितलं होतं. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

त्याला ती चालवायची होती. एकदाच. गोराईच्या जेट्टीवरून बोटीत गाडी चढवायची, खाडी ओलांडायची आणि पलीकडून उत्तनपर्यंत समुद्राकाठच्या रस्त्याने जायचं. पुढचं त्याने काही ठरवलं नव्हतं.

आठ महिने तो एकटा घराबाहेर गेला नव्हता. स्टेशनच्या पायऱ्यांवर एकदा पडला तेव्हापासून सुगंधा त्याला सोडत नसे. दूध आणायला ती, बँकेत ती, दवाखान्यात दोघं रिक्षाने. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, रात्री आठ अशा गोळ्या. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने अंग मोकळं व्हायचं आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा आवळत यायचं. कुणी दुष्टपणे कोंडलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. सुगंधा भाजी चिरताना मधेच उठून त्याच्या शर्टाची बटणं लावायची. तिच्याशी काय भांडणार?

त्यातून पाय चिकटायचे. चालता चालता, विशेष करून दारात आलं की, तळवे जमिनीला खिळून जायचे. डोकं म्हणायचं पुढे हो, पाय ऐकायचे नाहीत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या श्वेता नावाच्या मुलीने त्यावर युक्ती सांगितली होती. जमिनीवर पट्ट्या चिकटवायच्या आणि जिना चढल्यासारखं एकेक पट्टी ओलांडायची. सुगंधाने पिवळ्या टेपच्या पट्ट्या पलंगापासून संडासापर्यंत आणि खोलीपासून शटरपर्यंत लावल्या. शटरच्या पुढे लावल्या नाहीत. शटरच्या पुढे त्याने एकट्याने जायचंच नव्हतं.

मार्चमध्ये राजेशचा फोन आला तेव्हा चंद्रप्रकाश स्पीकरवर बोलत होता. “हो, इंजिन बांधलं ना. रिंगा टाकल्या, बोअर करून आणलेला सिलिंडर बसवला, आता पॉइंट लावतोय. झकास झालंय काम.”

पाटावर बसलेल्या सुगंधाच्या हातात पॉइंटमधली, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या दोन टोकांमधली, फट मोजायची पत्री होती. ती थांबली. “कोण लावतंय पॉइंट?” तिने हळूच विचारलं. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी सुरू झाली. किक सुगंधानेच मारली. आधी चार-पाच वेळा नुसता फुस्स आवाज आला. “कार्ब्युरेटरवरचं बटण दाब, पेट्रोल वर येऊ दे,” तो म्हणाला. तिने दाबलं, बोटं पेट्रोलने भिजली. सातव्या किकला इंजिन खाकरलं, मागच्या दोन्ही नळ्यांतून निळा धूर निघाला आणि मग तो आवाज आला, टाळ्या वाजवल्यासारखा, एकेक सुटा. पत्रा थरथरला. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या.

“अहो!” सुगंधा ओरडली. तिच्या कपाळावर काळा डाग होता आणि ती हसत होती. “झाली की! आनंद झाला ना?”

“झाला.”

“चेहऱ्यावर दिसत नाही.”

त्याचा चेहराही हल्ली त्याचं ऐकत नव्हता. आत काहीही चाललं तरी बाहेर भिंत. आणि त्या दिवशी आत जे चाललं होतं ते तिला दिसत नाही म्हणून त्याला बरंच वाटलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी कुणाच्या तरी घरी चैत्राचं हळदीकुंकू आणि भजन होतं. “जाऊन ये,” चंद्रप्रकाश म्हणाला. “मी काय लहान आहे? गोळी मी घेतो वेळेवर.” सुगंधाने गोळी वाटीत काढून ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला, मोबाइल त्याच्या उशाशी ठेवला, आणि चांगली साडी नेसून अकराला बाहेर पडली. दीड वाजेपर्यंत येते म्हणाली.

ती गल्लीच्या टोकाशी वळताच त्याने बाराची गोळी घेतली. पाऊण तास पलंगावर बसून राहिला. हात हळूहळू शांत झाले. त्याने बूट घातले, कपाटावरचं जुनं हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं, शटर वर केलं. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. स्वतःच्या पायाने मारलेली किक. स्टँडवरून गाडी उतरवली, डाव्या बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि पट्ट्या ओलांडत तो तिला बाहेर ढकलायला लागला. एक, दोन, तीन. पुढचं चाक शटरच्या खालची लोखंडी पट्टी ओलांडून बाहेर गेलं.

तिथे त्याचे पाय चिकटले.

शटरच्या पुढे रस्त्यापर्यंत उतार होता. गाडी खाली ओढ घेत होती. त्याने उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबून धरला. सोडला असता तर सव्वाशे-दीडशे किलोचं लोखंड त्याला घेऊन समोरच्या गटारात गेलं असतं. मागे घ्यायला पाय हलायला हवे होते. एका हाताने चावी बंद करावी तर हँडलचा तोल जाणार. तो तसाच उभा राहिला. खाली लोखंडी पट्टीपर्यंत पिवळ्या रेघा होत्या आणि पुढे नुसता उन्हात तापलेला सिमेंटचा उतार. त्याने मनातल्या मनात तिथे एक रेघ काढून बघितली. पाय मेल्यासारखे होते.

गल्लीत कुणी नव्हतं. लोक कामाला, मुलं शाळेत, घरं बंद. फोन आत पलंगावर. त्याने हाक मारली, “अरे, कोण आहे का?” इंजिनाच्या आवाजात ती त्याची त्यालाच ऐकू आली नाही.

एक बाई फोनवर बोलत समोरून गेली. तिने त्याच्याकडे बघितलं. हेल्मेट घातलेला म्हातारा चालू गाडी धरून उभा आहे, कुणाची तरी वाट बघत असेल, असं तिला वाटलं असणार. ती गेली. मग पार्सलवाला एक माणूस स्कूटरवर आला आणि त्याच्यासमोरच थांबला.

“अंकल, सव्वीस नंबर कुठे?”

“मला धर,” चंद्रप्रकाश म्हणाला. “पाय अडकलेत माझे.”

“काय?” त्या माणसाने कानाजवळ हात नेला. “इकडे का? बरं, थँक्यू,” म्हणत तो भलत्याच बाजूला निघून गेला.

चंद्रप्रकाशचे दंड जळायला लागले. घाम हेल्मेटच्या आतून डोळ्यांत उतरत होता आणि पुसता येत नव्हता. किती वेळ गेला कळायला मार्ग नव्हता. टाकीत पेट्रोल थोडंच घातलेलं होतं, ते संपलं आणि इंजिन दोन झटके देऊन बंद पडलं. एकदम शांतता झाली. आता हाक ऐकू जाईल असं वाटून त्याने छाती भरून श्वास घेतला. तेवढ्याने तोल गेला आणि गाडी त्याच्यावर आली.

डावा पाय शटरच्या बाजूची उभी चौकट आणि गाडी यांच्यामधे दाबला गेला. आतून काहीतरी मोडल्याचं त्याला कळलं, पण दुखायच्या आधी भाजलं. तापलेली नळी पोटरीवर टेकली होती. ढकलायला हातात जोर नव्हता. अर्धं अंग घरात, अर्धं उन्हात, असा तो पडून राहिला. मोठ्याने ओरडतोय असं त्याला वाटत होतं. शेजारच्या घरातला टीव्ही त्याला स्वच्छ ऐकू येत होता, त्यातल्या बायका एकमेकींशी भांडत होत्या.

सुगंधा आली तेव्हा दीड वाजून गेला होता. तिच्या ओटीतले भिजवलेले हरभरे रस्त्यावर सांडले. ती किंचाळली नाही. हँडल धरून तिने गाडी उचलून बघितली, उचलेना. मग आत धावत जाऊन तिने लाकडी फळी आणली, गाडीखाली घातली, फळीवर सगळं अंग टाकलं. गाडी वीतभर उचलली गेली. तिने पायाने पाट आत सरकवला आणि त्याला काखेत धरून ओढून काढलं. मगच ती शेजाऱ्यांची दारं वाजवायला गेली.

डाव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली होती. रॉड घालावा लागला. पोटरीची भाजलेली जागा भरायला सव्वा महिना गेला.

दवाखान्यात पहिले दोन दिवस सुगंधा कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी दुपारी, शेजारच्या कॉटवरच्या माणसाला तपासणीला नेल्यावर, ती म्हणाली, “हेल्मेट घातलं होतंत तुम्ही.”

तो छताकडे बघत राहिला.

“राजेशभाऊजींना द्यायची होती ना गाडी?”

“नाही.”

“माझ्या हातांनी बांधून घेतलीत. मला खरं सांगितलं असतंत तर मी बांधली असती का? नसती. म्हणून नाही सांगितलंत.”

“हो.”

“चार महिने रोज माझ्यासमोर बसून खोटं बोललात.” तिचा आवाज चढला नाही. “मी येऊन बघते तर तुम्ही मेलेले. असं झालं असतं तर मी काय समजायचं? मीच मारलं?”

तो म्हणाला, “मला कुठे जायचंय ते कोणी विचारत नाही गो. सगळे एकच विचारतात. गोळी घेतली का.”

“आणि मला कोण विचारतं?” सुगंधा म्हणाली. “तीन वर्षांत मी गोराईच्या बाहेर कधी गेले ते सांगा. तुमच्या दवाखान्याशिवाय. सांगा ना.”

त्याला एकही दिवस आठवेना. तोंडाला लावलेला पाण्याचा पेला त्याने तसाच धरून ठेवला, मग तिने तो काढून घेतला.

घरी आल्यावर त्याचा पलंग खालच्याच खोलीत राहिला. पलंगावरून गॅरेज दिसायचं आणि गॅरेजमधली जावा दिसायची, टाकीवर पोचा पडलेली. सुगंधा तिकडे फक्त कपडे धुवायला जायची. गाडीवर तिने ताडपत्रीही घातली नाही.

जूनमध्ये राजेश आला. गाडी न्यायला टेम्पो सांगतो म्हणाला. त्याने उकिडवं बसून इंजिन बघितलं, पॉइंटचं झाकण उघडून बघितलं.

“चंदू, मानलं तुला यार. हात हलत असताना एवढं साफ काम?”

“मी नाही,” चंद्रप्रकाश पलंगावरून म्हणाला. “हिने केलंय. रिंगांपासून सगळं. मी नुसता बोलत होतो.”

राजेश हसला, मग सुगंधाच्या हातांकडे बघून हसायचा थांबला. “वहिनी? खरंच?”

सुगंधा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. “भाऊजी, टेम्पो नका सांगू. गाडी द्यायची नाही.”

“मग? ह्याला तर आता...”

“मी चालवणार.”

माझी गाडी आहे ती, हे वाक्य चंद्रप्रकाशच्या ओठापर्यंत आलं. तो म्हणाला, “तुला येत नाही.”

“शिकेन. वेंगुर्ल्याला शाळेत सायकलवरनंच जायचे मी. चार मैल.”

शिकवायला रोशनी तयार झाली. ती खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. रोज पहाटे बोटीतून स्कूटर घेऊन यायची आणि मागे टोपलीत मासळी बांधून गोराईभर विकायची. “ताई, घाबरायचा नाय,” ती म्हणाली. “मी सातवी नापास. मला जमला, तर तुला नाय जमणार?” मासळी विकून झाली की दोघी मैदानावर जायच्या. सुगंधा आधी स्कूटर शिकली. मग जावा. या गाडीत किक आणि गिअर एकाच दांड्यात असतात, किक मारून दांडा पुढे वळवला की तोच गिअर होतो; तेवढ्यावरून तिचा आठवडा गेला. राजेशने गाडीचे कागद नव्याने करून दिले. तिने लायसन्स काढलं.

चंद्रप्रकाश पलंगावर पडून आवाज ऐकत असायचा. क्लच फार लवकर सोडते, पहिल्या गिअरवरच ताणते, आता बंद पडणार. बंद पडायची. ती आत आली की तो सांगायला सुरुवात करायचा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर नका सांगू.”

तो गप्प बसायला शिकला. पायात रॉड, हात त्याचे नव्हेत, आणि आता सांगणंही बंद. एकदा दुपारी मैदानाकडून गाडीचा आवाज चढत गेला आणि तुटला, तेव्हा ती पडावी असं त्याच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. जरा पडावी, मार लागू नये, पण पडावी आणि पुन्हा गाडीला हात लावू नये. पाच मिनिटांनी ती गाडी ढकलत परत आली, पेट्रोल संपलं होतं. तिने त्याला पाणी दिलं. त्याला तिच्याकडे बघवेना.

ऑक्टोबरमध्ये तो वॉकर धरून शटरपर्यंत यायला लागला. एका रविवारी सकाळी सुगंधाने डबा भरला, त्याच्या बाराच्या गोळीची वाटी भरली आणि पंजाबी ड्रेस घालून गाडी बाहेर काढली. रोशनीबरोबर बोटीने पलीकडे जाणार होती, आणि तिथून पुढे एकटीच उत्तनपर्यंत.

ती आपल्याला मागे बसून यायला सांगेल का, असा एक वेडा विचार त्याने सकाळपासून मनात धरला होता. मागे बसणं त्याला झेपणार नव्हतं, कमरेला घट्ट धरून बसायलाही हात लागतात. हे तिलाही माहीत होतं. तिने विचारलं नाही.

“शेजारी सांगितलंय,” ती म्हणाली. “फोन जवळ ठेवा.”

गाडीचा आवाज गल्लीतून गेला, जेट्टीच्या रस्त्याला लागला, बारीक झाला, रिक्षांच्या आवाजात मिसळला. तो प्लॅस्टिकच्या स्टुलावर शटरच्या आत बसला. अकरा वाजले, बारा वाजले. गोळी घेतली. एक वाजला. समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ऊन उतारावरून सरकत त्याच्या बुटापर्यंत आलं. दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तिने त्याच्यासाठी अशा किती दुपारी काढल्या असतील, तो डेपोतून उशिरा यायचा तेव्हा, हे त्याच्या मनात आलं, आणि त्याने ते बाजूला सारलं नाही.

पावणेतीनला आवाज आला. गल्लीच्या तोंडाशीच त्याने तो ओळखला. सुगंधा आली, गाडी आत घेतली, स्टँडवर चढवली. केस वाऱ्याने विस्कटलेले, नाकाचा शेंडा उन्हाने लाल. ती सरळ खाली जमिनीवर बसली आणि भिंतीला टेकली.

“जेवलात?”

“जेवलो. चढावर ओढते का?”

“ओढते. पण दुसऱ्यावर टाकावी लागते. एक मोठं वळण आहे ना, डाव्या हाताला एकदम समुद्र येतो...”

“माहितीय.”

“तिथे मी थांबले. बंद केली गाडी. कोणीच नव्हतं.” आणि मग ती बोलतच राहिली. बोटीत गाडी चढवताना फळी कशी हलली, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, एका म्हाताऱ्या कोळणीने तिला हात दाखवून थांबवलं आणि ही तुझ्या नवऱ्याची का म्हणून विचारलं. “मी म्हटलं, दोघांची.” इतकं सलग ती कित्येक वर्षांत त्याच्याशी बोलली नव्हती. तो मधे मधे विचारत होता. तिसऱ्यावर धक्के देते का? ब्रेक कुठे दाबलास? ती सगळं आठवून सांगत होती. तो ऐकत होता, प्रत्येक वळण त्याला सलत होतं, आणि तरी त्याला आणखी ऐकायचं होतं.

“परत कधी जाणार?” त्याने विचारलं.

“पुढच्या रविवारी.”

“मग शनिवारी चेन बघायला हवी. सैल वाटली आवाजावरून.”

“बघू,” सुगंधा म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि आंघोळीला वर गेली. वरून पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत चंद्रप्रकाश स्टुलावर बसून होता. गाडीचं इंजिन थंड होताना मधूनच टिक्क करत होतं.